घरात बंदूक येण्याआधी

सुगी सरत आली, खळ्यावर धान्याच्या राशी पडल्या आणि शेजारच्या गावात घरफोडी झाल्याची बातमी आली, की चावडीवर एक वाक्य हमखास ऐकू येते : "आता एक बंदूक घ्यायलाच पाहिजे." मळ्यात वस्ती करून राहणाऱ्या शेतकऱ्याच्या तोंडी हे वाक्य आले, तर त्याला नावे ठेवता येणार नाहीत. गाव कोसभर लांब, पोलीस ठाणे त्याहून लांब, रात्रीची वेळ आणि घरात म्हातारी माणसे व पोरेबाळे. त्यातून रानडुकरांनी भुईमुगाचे शेत एका रात्रीत उकरून टाकलेले असले, म्हणजे त्या विचाराला आणखी जोर चढतो.

तेव्हा बंदूक चांगली की वाईट, असला वाद आपल्याला आज घालायचा नाही. घरात बंदूक आणायची तर कायदा काय म्हणतो, ती केव्हा चालवता येते, ती ठेवायची कशी, आणि ज्यांनी बंदुकीचा खेळ केला त्या नेमबाजांकडून आपण काय शिकावे, एवढे आपण क्रमाने पाहू. गुरुजींनीही हे वाचावे, कारण बंदुकीचे कुतूहल मोठ्या माणसांपेक्षा शाळेतल्या मुलांना अधिक असते.

पहिली गोष्ट अशी, की आपल्या देशात बंदूक बाळगणे हा नागरिकाचा हक्क नाही; ती सरकारने दिलेली परवानगी आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ साली शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला गेला. आपल्याकडचा इतिहास वेगळा आहे. इंग्रजांनी १८७८ साली हत्यारांचा कायदा केला. त्यात हिंदी माणसाला परवान्याची सक्ती होती आणि युरोपियनांना सूट होती. हा भेदभाव लोकांच्या मनात सलत राहिला. म्हणूनच १९३१ सालच्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला होता.

पुढे घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये हा प्रश्न पुन्हा आला. ह. वि. कामत यांनी हा हक्क घटनेत घालावा अशी दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. त्यांचा मुद्दा साधा होता. शस्त्र हा एकदा सरसकट हक्क ठरला, की तो सज्जनाबरोबर चोराचिलटांनाही मागता येईल. दुरुस्ती फेटाळली गेली. आज घटनेच्या १९ व्या कलमात सभा भरवण्याचा हक्क आहे, पण तो शांततेने आणि विनाशस्त्र. पुढे १९५९ साली स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा झाला आणि तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याचे सविस्तर नियम २०१६ साली नव्याने केले गेले आणि २०१९ साली कायद्यात मोठी दुरुस्ती झाली.

आता परवाना मिळतो कसा ते पाहू. अर्जदाराचे वय २१ वर्षे पुरे असावे लागते. जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी, म्हणजे आपले कलेक्टरसाहेब, आणि जेथे पोलीस आयुक्तालय आहे तेथे पोलीस आयुक्त, यांच्याकडे अर्ज करायचा. मग आपल्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यातून चौकशी होते. माणूस कसा आहे, त्याच्यावर गुन्हे आहेत काय, भाऊबंदकीचे वैर आहे काय, बंदुकीची गरज खरी आहे काय, हे सारे पाहिले जाते. प्रकृतीचा आणि मनःस्वास्थ्याचा दाखला लागतो. बंदूक सुरक्षित हाताळण्याचे शिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र लागते आणि ती घरात सुरक्षित ठेवीन असे लिहून द्यावे लागते.

गरिबाने एक कलम ध्यानात ठेवावे. केवळ अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही, या कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असे कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. परवाना नाकारला, तर त्याची कारणे अधिकाऱ्याने लेखी नोंदवायची असतात आणि त्यावर अपील करता येते. पिकाच्या राखणीसाठी मुख्यतः ठासणीची बंदूक द्यावी, असे कायद्याचे धोरण आहे. तेवढ्याने भागणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मिळू शकते. परवान्याची मुदत पूर्वी ३ वर्षांची असे. २०१९ च्या दुरुस्तीने ती ५ वर्षांची झाली. पूर्वी एका माणसाला ३ हत्यारे ठेवता येत. आता २ ठेवता येतात.

इथे बहुतेक घरांत होणारी एक गफलत सांगतो. परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराच्या नावाचा नसतो. ज्याचे नाव परवान्यात नाही, त्याने ती बंदूक खांद्यावर टाकून राखणीला जायचे नाही; मग तो धाकटा भाऊ असो, कर्ता मुलगा असो की सालगडी असो. वडील वारले, की त्यांचा परवाना त्यांच्याबरोबर संपतो. पण पुष्कळ घरांत "वडिलांची आठवण" म्हणून बंदूक माळ्यावर तशीच राहते. कायद्याच्या दृष्टीने ती विनापरवाना बंदूक ठरते. वारसाने ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी आणि हवी असेल तर स्वतःच्या नावाने अर्ज करावा. विनापरवाना बंदूक बाळगल्याची शिक्षा आज किमान २ वर्षे आणि जास्तीत जास्त ५ वर्षे कैद आहे. आठवण म्हणून भिंतीवर वडिलांची तसबीर पुरे.

निवडणुका आल्या, की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करण्याचे हुकूम निघतात. ते आल्यास पाळावेत. आणि लग्नाच्या वरातीत आनंदाने बार उडवण्याची हौस कोणाला असेल, तर त्याने तीही सोडावी. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच. दुसऱ्यांचा जीव धोक्यात घालणाऱ्या अशा गोळीबाराला २०१९ पासून २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत.

आता मुख्य प्रश्न. परवाना मिळाला, बंदूक घरात आली. म्हणजे घरात शिरलेल्या चोरावर ती चालवायला मोकळीक मिळाली काय? नाही. परवाना बंदूक बाळगण्याचा आहे. ती माणसावर चालवणे योग्य होते की नव्हते, हे दुसरा कायदा ठरवतो. पूर्वी ही कलमे भारतीय दंडविधानात होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ या क्रमांकांनी आहेत. स्वतःचा जीव आणि मालमत्ता राखण्याचा हक्क ही कलमे प्रत्येकाला देतात. त्यासाठी परवाना लागत नाही; काठी घेऊन उभ्या राहिलेल्या माणसालाही तो आहे. पण त्याला दोन वेसणी आहेत. एक, सरकारी मदत मागायला वेळ होता, तर हा हक्क उरत नाही. दुसरी, बचावाला जेवढी इजा करणे जरूर होते, त्याहून अधिक करता येत नाही.

दरोडा, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणे किंवा जीव जाईल वा जबर दुखापत होईल अशी वाजवी भीती वाटावी अशी चोरी, अशा प्रसंगी बचाव करताना हल्लेखोराचा प्राण गेला, तरी कायदा बचाव करणाराला संरक्षण देतो. पण त्या दोन वेसणी तेथेही सुटत नाहीत. असं पहा, कोयता घेऊन दाराची कडी तोडून आत आलेला माणूस वेगळा, आणि खळ्यावरून शेंगांचे पोते उचलून अंधारात पळत सुटलेला पोरगा वेगळा. दुसऱ्याच्या पाठीत गोळी घातली, तर पोते परत मिळेल, पण गोळी घालणारा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहील. तेथे त्याला विचारले जाईल : तुझ्या जिवाला त्या क्षणी काय धोका होता? या प्रश्नाला उत्तर नसेल, तर कपाटातला परवाना उपयोगी पडत नाही.

याहून कठीण प्रश्न अंधाराचा आहे. आपल्याकडे शेतीची वीज पुष्कळदा रात्रीच येते. घरातला मुलगा दोन वाजता उठून पाणी द्यायला मळ्यात जातो आणि चार वाजता चिखलाच्या पायांनी, कोणाची झोपमोड होऊ नये म्हणून, हळूच मागल्या दाराने आत येतो. त्याच रात्री गावात चोरांची हूल उठलेली असते. म्हातारा बाप आवाजाने दचकून जागा होतो आणि उशाची बंदूक उचलतो. पुढे काय होऊ शकते, हे सांगायला नको. म्हणून जुने जाणते लोक सांगतात, की माणूस ओळखल्याशिवाय बंदूक उचलू नये. आधी दिवा, मग हाक, मग शेजाऱ्यांना आरोळी. ११२ या क्रमांकावर पोलिसांना फोन करता येतो. गावात पोलीस पाटील असतात आणि पुष्कळ ठिकाणी ग्रामसुरक्षा दलही असते. भक्कम कडी, अंगणातला दिवा, भुंकणारा कुत्रा आणि हाकेला ओ देणारा शेजारी ही घराच्या रक्षणाची पहिली साधने आहेत. या साधनांपैकी कोणतेही चुकून आपल्याच मुलाचा जीव घेत नाही.

पिकाच्या राखणीबद्दलही एक खुलासा करायला हवा. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे रानडुक्कर, रोही, काळवीट, मोर हे सारे संरक्षित आहेत. वनखात्याची रीतसर परवानगी नसताना शेतात आलेले डुक्कर मारणे हाही गुन्हा आहे. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर बेतले असताना जनावर मारावे लागले, तर कायदा ते समजून घेतो; पीक खाल्ले म्हणून मारले, तर घेत नाही. पिकाच्या नुकसानीची भरपाई वनखात्याकडे मागता येते. त्यासाठी लगेच कळवावे आणि पंचनामा करून घ्यावा.

एवढे सगळे समजून घेऊनही ज्याला बंदूक ठेवायची आहे, त्याने ती ठेवायची कशी? नियम थोडे आहेत, पण त्यांना सुट्टी नाही. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असे समजूनच तिला हात लावावा. "रिकामीच आहे" या शब्दांनी पुष्कळ जीव घेतले आहेत. नळीचे तोंड कधीही माणसाकडे करू नये. बार काढायचा नक्की झाल्याशिवाय घोड्यावर बोट ठेवू नये. ज्यावर नेम धरला आहे त्याच्या पलीकडे काय आहे, हे आधी पाहावे, कारण कुडाची भिंत, पत्रा किंवा लाकडी फळी गोळीला अडवीत नाही. घरी बंदूक रिकामी करून एका कुलपात आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात ठेवावीत. दोन्ही किल्ल्या परवाना असलेल्या माणसाजवळच राहाव्यात.

उशाखाली भरलेली बंदूक घेऊन झोपणे म्हणजे सावधपणा, असे कोणाला वाटते. पण घरातले मूल दिवसाही घरातच असते आणि उशी कुठे आहे हे त्याला पक्के ठाऊक असते. गुरुजी, वर्गात मुलांना इतके सांगून ठेवा : कुठे बंदूक दिसली, तर हात लावायचा नाही, तेथून बाजूला व्हायचे आणि लगेच मोठ्या माणसाला सांगायचे. सोबतीच्या मुलाने हातात घेतली असेल, तर बघत उभे राहायचे नाही. ही तीन वाक्ये मुले पाढ्यासारखी पाठ करतील, आणि एखाद्या दिवशी ती पाढ्यांहून अधिक कामाची ठरतील.

आणखी एक गोष्ट घराघरांत उघडपणे बोलली पाहिजे. घरातला धोका नेहमी बाहेरूनच येतो असे नाही. कर्ज, नापिकी, दारू, घरातला तंटा यांनी माणसाचे मन खचते. अशा वेळी हाताशी असलेली बंदूक एका क्षणाच्या निराशेला कायमचे करून टाकते. ज्या घरात बंदूक आहे, त्या घरात आत्महत्येने मृत्यू होण्याचा धोका वाढतो, हे निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसून आले आहे. घरातले माणूस गप्पगप्प राहू लागले, निरवानिरवीची भाषा बोलू लागले, तर त्याच्याजवळ बसा, त्याचे ऐकून घ्या आणि बंदूक ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करून ठेवा. टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. यात कमीपणा काही नाही. बंदूक सुधारल्या दिवसांत परत आणता येते.

आता थोडे खेळाकडे वळू, कारण बंदुकीची खरी शिस्त पाहायची असेल, तर ती तेथे पाहायला मिळते. आपल्या देशात नेमबाजीची राष्ट्रीय संघटना १९५१ साली स्थापन झाली. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर हे तिच्या स्थापनेत पुढे होते आणि त्यांच्या नावाने आजही नेमबाजीची स्पर्धा भरते. महाराष्ट्राने या खेळाला मोठी माणसे दिली. अंजली भागवत यांनी २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत प्रवेश केला. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेत्या झाल्या. कोल्हापूरच्याच राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसला ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात ऑलिंपिकचे कांस्यपदक जिंकले. १९५२ साली खाशाबा जाधवांनी कुस्तीत पदक आणले, त्याला तेव्हा ७२ वर्षे झाली होती. स्वप्नील यांचे वडील शिक्षक. त्यांनी मुलाला सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घातले, आणि एका खेड्यातल्या मुलाचा नेम पॅरिसपर्यंत पोचला.

हा खेळ किती बारीक आहे ते पहा. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो, म्हणजे पेन्सिलीने टेकवलेल्या टिंबाएवढा. ५० मीटरच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ सुमारे १ सेंटिमीटरचे असते. गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून, प्रत्येक स्थितीत २० अशा ६० गोळ्या पहिल्या फेरीत झाडायच्या. श्वास रोखताना छाती हलली, काळजाचा ठोका जोराने पडला, तरी नेम चुकतो. राग, घाई आणि भीती यांचा हिशेब लक्ष्यावर लगेच उमटतो.

याहून महत्त्वाची तेथली शिस्त. पंचाने 'लोड' म्हटल्याशिवाय कोणी गोळी भरीत नाही. 'स्टॉप' म्हटले, की सगळे थांबतात. बंदूक वापरात नसेल, तेव्हा ती रिकामी आहे हे दुरून दिसावे म्हणून नळीत रंगीत दोरी घातलेली असते. ऑलिंपिकचे पदक गळ्यात असलेला खेळाडूही या नियमांतून सुटत नाही. आता विचार करा. लख्ख उजेडात, न हलणाऱ्या कागदावर, वर्षानुवर्षे सराव करून नेम धरणाऱ्यालाही एवढे नियम लागतात. मग झोपेतून दचकून उठलेल्या, अंधारात थरथरत उभ्या राहिलेल्या आपल्यासारख्या माणसाला त्यांची गरज किती असेल?

म्हणून ज्या मुलाला बंदुकीचे फार वेड आहे, त्याला दटावून गप्प करू नका. त्याला खेळाच्या मैदानावर पाठवा. शाळा-महाविद्यालयांत एन. सी. सी. आहे, तेथे नेमबाजीचे शिक्षण मिळते. जिल्ह्याच्या ठिकाणी रायफल क्लब असल्यास तेथे जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली एअर रायफलपासून सुरुवात करता येते. घरच्या अंगणात चिमण्यांवर छर्रे मारीत फिरणे म्हणजे नेमबाजी नव्हे. एअर रायफलच्या छऱ्र्यानेही डोळा जातो.

शेवटी, परवान्याच्या अर्जावर सही करण्याआधी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून चार प्रश्न विचारा. दार, दिवा, कुत्रा, शेजार यांची व्यवस्था आपण आधी केली आहे काय? दोन वेगळी कुलपे आणि त्यांच्या किल्ल्या सांभाळण्याची आपली तयारी आहे काय? दरसाल थोडा तरी रीतसर सराव करायला सवड आहे काय? आणि घरात कोणी असा आहे काय, की ज्याच्या हाती रागाच्या किंवा दुःखाच्या भरात बंदूक पडू नये? पहिल्या तिन्हींना 'होय' आणि चौथ्याला 'नाही' असे उत्तर मनापासून देता आले, तर खुशाल अर्ज करा. न आल्यास बंदुकीचे पैसे भक्कम दारासाठी आणि अंगणातल्या दिव्यासाठी खर्च करा. ते दार आणि तो दिवा घरातल्या सगळ्यांच्याच उपयोगी पडतील.